देव टेम्पोत बसवण्याआधी: आमच्या गावच्या देवस्थान कमिटीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सभासद, देवस्थान कमिटी,
गावचे बारा-पाच मानकरी
आणि मुंबई मंडळाची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. तुम्हाला ते सांगायची गरज नाही, आणि चारचौघांत गावाची शोभा व्हावी अशी माझी इच्छा नाही. मग जाहीर कशाला लिहितोस, असं विचाराल. तर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायची सोय राहिलेली नाही. देव टेम्पोने न्यायचं तुमचं पत्रक पडल्यावर दहाव्या मिनिटाला ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे सेटिंग लागलं. शिवाय हा विषय एकट्या आपल्या गावाचा आहे असं मला वाटत नाही. सिंधुदुर्गात ज्या ज्या गावचा देव समुद्राला जातो, तिथे आज ना उद्या हे पत्रक निघणार आहे.

पत्रकातला मजकूर असा: शिवरात्रीला देवाची स्वारी सजवलेल्या टेम्पोतून कुणकेश्वरला जाईल. सकाळी सहाला प्रस्थान, साडेआठला आगमन, लगेच दर्शन. अमावास्येला सकाळी अकरा वाजता मान्यवरांच्या उपस्थितीत तीर्थस्नान, ड्रोनने चित्रीकरण, दुपारी परतीचा प्रवास. आणि खाली बारीक अक्षरात, ‘वाटेत थांबे नाहीत, कृपया नोंद घ्यावी.’

ती नोंद मी घेतली. म्हणूनच हे पत्र.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. देवगड तालुक्यात समुद्राच्या अगदी काठावर कुणकेश्वराचं देऊळ आहे. दक्षिण कोकणची काशी म्हणतात त्याला. ओहोटी लागली की तिथल्या खडकांत कोरलेली शिवलिंगं उघडी पडतात, भरतीला पुन्हा पाण्याखाली जातात. पांडवांनी कोरली म्हणून सांगतात. देवळाची कथा आणखी वेगळी. एक मुसलमान व्यापारी, कोणी इराणी म्हणतं कोणी अरब, वादळात सापडला. किनाऱ्यावर एक दिवा मिणमिणताना दिसला, त्याच्या रोखाने गलबत सुखरूप लागलं आणि त्याने इथे देऊळ बांधलं. पुढे आपल्या माणसांत परत जायची वाट राहिली नाही म्हणून त्याने शिखरावरून उडी टाकली. देवळाजवळ त्याचं थडगं दाखवतात. लहानपणी आम्हाला त्या थडग्याचंच कुतूहल जास्त. त्याखालोखाल डोंगरातल्या गुहेतल्या दगडी मुखवट्यांचं.

माघ वद्य चतुर्दशीला तिथे यात्रा भरते. आजूबाजूच्या गावांचे ग्रामदेव तरंग (देवाचा मुखवटा लावलेल्या काठ्या), निशाण, अब्दागीर, ढोल-ताशे घेऊन शिवाच्या भेटीला येतात, समुद्रस्नान करतात आणि परत फिरतात. काही देव जवळून येतात, काही दोन-दोन दिवस चालत. देव येतो तो माणसांच्या पायांनी, तेही अनवाणी. आपली स्वारी दरवर्षी जात नाही. देवाचा कौल झाला तर जाते. मागच्या वेळी गेली त्याला चार वर्षं झाली.

आता माझा संबंध. आमच्या घराकडे निशाणाचा मान. आजोबांनी धरलं, बाबांनी धरलं, चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा मी धरलं, कारण त्याच वर्षी बाबा गेले होते. वर्षभरात घरात कोणी गेलेलं असलं की त्या घरच्यांनी अमावास्येला देवाबरोबर समुद्रात उतरून गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी सोडायचं, ही आपल्याकडची पद्धत. म्हणजे त्या एका दिवशी माझ्या एका हातात गावाचं निशाण होतं आणि दुसऱ्या ओंजळीत बाबा. मी कल्याणला असतो, खाजगी कंपनीत. रजेसाठी साहेबाच्या टेबलासमोर कसं उभं राहायचं असतं ते मला माहीत आहे. चाकरमान्यांना रजा मिळत नाही हे तुमचं कारण मला शिकवू नका, ते माझंच कारण आहे.

गाऱ्हाणं देवासमोर घालायचं असतं. यंदा देवाबद्दलचं गाऱ्हाणं कमिटीसमोर घालायची पाळी आली. मागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी उभं आहे की नाही, ठाऊक नाही. तरी घालतो.

पहिलं गाऱ्हाणं वाटेचं. नांदगाव तिठ्यावरून शिरगाव, तळेबाजार करत जाणारा रस्ता गाडीला तासा-दीड तासाचा. देवाला तिथे दोन दिवस लागतात. देव हळू चालतो म्हणून लागत नाहीत, देवाला लोक थांबवतात म्हणून लागतात. प्रत्येक गावच्या शिवेवर आपला ढोल थांबतो. तिथल्या देवाला नारळ ठेवायचा, त्या गावच्या मानकऱ्यांनी पुढे यायचं, आणि आपल्या गुरवाने सांगायचं, ‘आमचो देव तुमच्या शिवेतसून जाता हा, सांभाळून घेवा.’ मग त्यांचा ढोल वाजतो. दोन गावांत जमिनीवरून, पाण्यावरून, कुठल्याशा लग्नावरून काहीही झालेलं असो, त्या नारळाला कोणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. टेम्पो शिवेवरून जाईल तेव्हा त्या गावांना काय कळवणार आहोत? लोकेशन पाठवणार?

आणि शिवेपेक्षा मोठी गोष्ट दारांची. माझी आत्या तळेबाजाराच्या अलीकडे दिली आहे. तिचं घर रस्त्याच्या वळणावर, चिऱ्याच्या गडग्याच्या आत. चार वर्षांपूर्वी आम्ही तिच्या दारात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, डांबर पायाला चिकटत होतं. ती दहा वाजल्यापासून खळ्यात उभी होती असं सुनेने सांगितलं. देवाकडे तिने आधी पाहिलंच नाही. कळशी घेऊन खाली बसली आणि तरंगवाल्यांपासून अब्दागीरवाल्यापर्यंत एकेकाच्या पायांवर पाणी घालत गेली. माझ्या पायाशी आल्यावर थांबली. अंगठ्याच्या बाजूला काचेचा तुकडा रुतला होता, मला तो नांदगावापासून नुसता टोचत होता. तिने मंगळसूत्रात अडकवलेली पिन काढली, दोन बोटांनी कातडी ताणून धरली आणि तुकडा काढून गडग्यापलीकडे टाकला. म्हणाली, ‘तुझ्या बापाशीचे पाय पण असेच फुटत.’ तिचा भाऊ गेल्यानंतर आम्हा दोघांचं पहिलं बोलणं ते.

मग उठून हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि तरंगाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ओटी भरताना तिचे ओठ हलत होते. काय मागितलं ते मी ऐकलं नाही, आणि ते ऐकायचं नसतं. माहेरी केव्हा जायचं हे ठरवणं तिच्या हातात कधी नव्हतं. आधी सासू, मग आंब्याच्या कलमांची कामं, मग गुडघे. माहेर तिच्या दारात चालत यायचं ते एवढंच.

त्या वाटेवर आपल्या गावच्या किती लेकी दिल्या आहेत, कमिटीने कधी मोजलं आहे का? मी मोजायला बसलो आणि दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. यातल्या एकीलाही विचारल्याशिवाय ‘वाटेत थांबे नाहीत’ असं लिहिण्याचा अधिकार कोणाचा?

दुसरं, तरंग. हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला लाज वाटते, पण पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसावं असं दिसतं. तरंग म्हणजे दीड पुरुष उंचीची काठी, तिला लुगडी नेसवलेली, वर देवाचा मुखवटा. तो कमरेच्या शेल्याला टेकवून उभा धरायचा असतो. ताडपत्रीच्या टेम्पोत तो उभा राहणार नाही. उघड्या टेम्पोत उभा केला तर वरच्या विजेच्या तारांचं काय? म्हणजे देव आडवा घालून न्यायचा. घरातल्या माणसाला आडवा घालून गाडीतून केव्हा नेतात ते मी लिहीत नाही.

तिसरं गाऱ्हाणं वेळेचं. ते श्रद्धेपेक्षा जिवाशी जास्त निगडित आहे, म्हणून जरा सविस्तर.

भरतीचं गणित किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अमावास्या पंधरावी तिथी. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे. त्यात अमावास्येचं उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढणार. तुम्ही स्नान ठेवलंय अकराला. भरलेल्या समुद्रात, उधाणाच्या ऐन टोकावर, दीड पुरुष उंचीच्या काठ्या कमरेला बांधलेली माणसं तुम्ही उतरवणार आहात.

उलट पहाटे पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते. फटफटताना उतरलं की पाणी गुडघ्याएवढं, पायाखाली घट्ट वाळू, आणि खडकांतली शिवलिंगं उघडी. जुन्या लोकांनी पहाटेची वेळ धरली ती काही त्यांना झोप येत नव्हती म्हणून नाही. अकरा वाजता ती शिवलिंगं पाण्याखाली असतात. ड्रोनला वरून नुसता फेस दिसेल.

चार वर्षांपूर्वी काय झालं ते कुठल्याच अहवालात नाही, म्हणून मी लिहून ठेवतो. त्या वर्षीही पहाटेचंच ठरलं होतं. मग किनाऱ्यावर सत्कार सुरू झाला. शाल, नारळ, दोन शब्द, आणखी दोन शब्द. तरंगवाले शेले बांधून उभे. ते बसू शकत नाहीत हे भाषण करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं. पाण्यात उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पहिली लाट मांड्यांपर्यंत, दुसरी छातीवर. भिजलेल्या लुगड्यांचं ओझं किती होतं ते ज्याने धरलंय त्यालाच कळतं. माझ्या पुढच्याचा पाय वाळूतून सुटला. तरंग कलला, कलत कलत खाली आला, इतका की मुखवट्याला फेस लागला. निशाण खाली टेकवायचं नाही म्हणून ते डाव्या हातात उंच, आणि उजव्या हाताने मी त्याच्या कमरेचा शेला धरून ठेवला. आणखी दोन पोरं धावली म्हणून निभावलं. किनाऱ्यावर कोणाला कळलंही नाही. मोबाईल सगळे मान्यवरांकडे वळलेले होते.

बाबांच्या नावाचं पाणी मी तशाच धांदलीत सोडलं. सुटलं की नाही, तेही नीट आठवत नाही.

बाकीची गाऱ्हाणी थोडक्यात. स्वारी कशी न्यायची याचा कौल घेतला नाही. देव जाणार की नाही याचा घेतला, कसा जाणार याचा दादरच्या एका हॉलमध्ये निर्णय झाला. गावातले मानकरी त्या बैठकीला नव्हते. त्यांना पत्रक मिळालं तेव्हा फ्लेक्स छापून झाला होता. त्या फ्लेक्सवर देवाचा मुखवटा एका कोपऱ्यात आहे, एवढंच म्हणतो. वर्गणी माणशी वाढवली, त्यातलं ड्रोन, साउंड आणि स्टेज यांना किती आणि रयतेच्या जेवणा-पाण्याला किती, हे कुठे लिहिलेलं नाही. आणि बायकांचं. आपल्या बायका त्या किनाऱ्यावर ओल्या लुगड्यांनी, एकमेकींनी चादरी धरून त्यांच्या आड कपडे बदलतात. स्टेजला मंडप आहे, त्यांना आडोसा नाही. हे मी गाऱ्हाण्यांत शेवटी लिहिलं, यातच आम्ही पुरुष काय आहोत ते दिसतं.

आता तुमची बाजू. ती खोटी नाही.

माणसं कमी पडतात, खरं आहे. शिवरात्र येते ती नेमकी कलमांच्या फवारण्यांच्या दिवसांत. मोहोर टिकवायचा की देवाबरोबर चालायचं, असा प्रश्न बागायतदाराला पडतो, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तरुण पोरं पुण्या-मुंबईला. हायवे चौपदरी झाल्यापासून तो ओलांडताना माझ्याही पोटात गोळा येतो. रात्रीचे डंपर थांबत नाहीत. ऊन वाढलंय. जुन्या पायवाटा सड्यांवरून, बागांतून जायच्या, आता सगळं डांबर. आणि मानकऱ्यांतले तिघं सत्तरीच्या पुढे आहेत. टेम्पो कोणीतरी देवाची टिंगल करायला आणलेला नाही, काळजीपोटीच सुचला असणार, हे मी मानतो. पण माणसांची सोय करायची होती, ती करताना तुम्ही वाटच काढून टाकलीत. टेम्पो आणा ना. त्यात म्हातारे मानकरी बसू देत, पाण्याचे कॅन, अंथरुणं, तांदळाची पोती जाऊ देत. देव मात्र चालू दे.

माझ्या मागण्या अशा:

स्वारी पायी जाईल. वाटेतले रात्रीचे दोन्ही मुक्काम आणि शिवेवरचे नारळ पूर्वीप्रमाणे राहतील. ज्या दारांत ओटी भरली जाते त्यांची यादी कमिटीने लिहून काढावी. आज ती फक्त दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे.

तरंग धरायला पाळ्या लावा. एकाने तासाभरापेक्षा जास्त धरू नये. चाकरमान्यांनी पूर्ण दोन दिवस यायलाच हवं असं नाही. ज्याला एक दिवस रजा आहे त्याने शिरगावपासून पुढे धरावं. मी पहिल्या शिवेपासून शेवटपर्यंत चालायला तयार आहे, आणि माझ्याबरोबर कल्याण-डोंबिवलीची सहा जणं आहेत, नावं कळवतो.

दुपारी अकरा ते चार स्वारी सावलीत थांबेल. हायवे ओलांडताना पोलिसांकडे आधी अर्ज द्यावा, आणि पुढे-मागे चमकणारी जाकिटं घातलेली चार माणसं ठेवावीत. जाकिटांचा खर्च ड्रोनच्या भाड्यातून सहज निघेल.

तीर्थस्नान अमावास्येच्या पहाटे, सूर्य वर येण्याआधी. सत्कार करायचे तर स्नानानंतर, आणि तरंग राहुटीत टेकवल्यावर. पाण्यात पुढे स्थानिक खारवी-गाबीत मंडळींपैकी दोन पोहणारे उभे करावेत. त्यांना मान म्हणून नारळ द्यावा, आणि मजुरीही.

बायकांसाठी कपडे बदलायला ताडपत्रीचे बंदिस्त आडोसे, स्टेजच्या आधी.

वर्गणीचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लावावा. ग्रुपवर नको, तिथे वर सरकतो आणि गडप होतो.

आणि हे सगळं मान्य नसेल तर निदान देवाला विचारा. माघी गणपतीला सगळा गाव देवळात असतो. त्या दिवशी सर्वांसमोर कौल लावा, ‘पायी की गाडीन’. कौल गाडीचा झाला तर मी गप्प बसेन. निशाण मात्र मग दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांगा. गाडीत निशाण कसं धरतात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

कोकणकन्येचं तिकीट काढलंय, वेटिंगवर आहे. कन्फर्म झालं नाही तर एसटीने येतो.

काल रात्री आत्याचा फोन आला होता. ‘देव दाराक येवक किती वाजतले, अदमास सांग,’ म्हणाली. ‘नळाक एक दिवसाआड पानी येता, आदीच भरून ठेवूक व्हया.’ मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो.

आपला,
निशाणकाठी धरणारा